अनसिंगचा दाखला

मुन्नाचे पप्पा,

मी अनसिंगले चालली. भाकरी टोपल्यात आहे, बेसन झाकून ठेवलं.

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी तुमी रिठदच्या ग्रामपंचायतीत खेटे घातले, नाव सापडत नाही म्हणून ग्रामसेवकाशी भांडले. अहो, माणूस जिथं मरतो तिथंच त्याची नोंद होते, अन् बाबा गेले तुमच्या बहिणीच्या घरी. हे तुमाले ठाऊक नाही असं नाही. अनसिंगले गेलं की ललिताताईच्या दारात उभं राहा लागते, म्हणून तुमी रिठदचंच रजिस्टर चाळून राह्यले!

'मले वेळेवर काहून नाही बोलावलं,' म्हणून तेरवीपासून तुमचा अबोला. बाबांनीच तिले अडवलं होतं, "पेरणी चालू आहे, पोराले हैराण नको करू." तुमाले आणखी वाईट वाटेल म्हणून ताई गप्प राहिली. काल फोनवर मले सांगताना लय रडली.

कोणी न्यायले आल्याशिवाय ताई माहेरी येत नाही, अन् तुमी जात नाही. म्हणून आज मीच तिची मुराळी. संध्याकाळी दाखला घेऊन दोघी येतो. दार तुमीच उघडा. काय बोलावं ते नाही सुचलं, तर तिच्या हातातली पिशवी तेवढी घ्या.

मंजुषा