नववधू पॅकेज आणि अध्यक्षीय भाषण

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प : मुलींचं जननांग कापण्याची रानटी प्रथा समूळ उपटायची. बायकोचं, म्हणजे अस्मिताचं, त्यावरचं संशोधन पुरं होत आलंय. आज चहाबरोबर तिने घेतलेली एक मुलाखत वाचली. सात वर्षांची पोर. फिरायला जाऊ म्हणून मावशीने नेली, दोघींनी पाय दाबून धरले, तिसरीने ब्लेड चालवलं. वर म्हणे, तुझ्याच भल्यासाठी. माझं रक्त उसळलं. म्हटलं, असली कापणारी समोर आली तर तिचे हात मोडीन. अस्मिता म्हणाली, त्याआधी कप विसळून ठेवा.
आपल्यात असलं काही नसतं, ही देवाची कृपा.

५ जानेवारी
६ फेब्रुवारी हा या प्रथेविरुद्धचा जागतिक दिवस. अस्मिताचा कार्यक्रम स्वारगेटजवळच्या हॉलमध्ये. अध्यक्ष मीच होणार असं तिला सांगून टाकलं. घरात स्त्रीरोगतज्ज्ञ असताना बाहेरून कशाला आणायचा? तिने हातातला कागद चुरगळला. आनंदाने भान राहिलं नसावं.

९ जानेवारी
बिबवेवाडीच्या क्लिनिकवर ‘नववधू पॅकेज’चा, म्हणजे लग्नाआधी योनीचे ओठ कापून नीटस करून देण्याचा, बोर्ड लावल्यापासून गर्दी वाढलीय. आज धायरीहून मायलेकी. मुलगी राजनंदिनी, वय बावीस, पुढच्या महिन्यात लग्न. तपासलं. सगळं नॉर्मल. पण होणाऱ्या नवऱ्याने मोबाइलवर काय काय बघून ठेवलंय आणि त्याला ‘तसंच’ हवंय. आई म्हणाली, डॉक्टर, पोरगी माघारी आली तर भावकीत तोंड दाखवायला जागा न्हाई, थोडं बारीक करून द्या. राजनंदिनी म्हणाली, मला काय बी झालेलं न्हाई, मला कापून घ्यायचं न्हाई.
लाजाळू आहे. आईने बाहेर नेऊन समजावलं. परत आली तेव्हा गालावर बोटं उमटली होती, पण सही केली. सही म्हणजे संमती. मी कायद्याला धरून चालणारा माणूस आहे.

१४ जानेवारी
भाषणाचं पहिलं वाक्य जमलं : निरोगी अवयवावर हत्यार चालवणारा हात माणसाचा नव्हे! आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजारच्या अनंतरावांनी तिळगूळ देताना विचारलं, घरात काही भांडण का? पुण्यात वक्तृत्वाची कदर उरलेली नाही.

२१ जानेवारी
राजनंदिनीचं ऑपरेशन. बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. ते चढेपर्यंत थांबायला हवं होतं, पण बाहेर पेशंट खोळंबलेले. पहिल्याच कापाला ती किंचाळली आणि माझ्या छातीत लाथ घातली. श्वासच अडकला. सिस्टर सुंदराबाईंना म्हटलं, पाय धरा. म्हणाल्या, मी धरणार नाही, तुम्हीही थांबा. उर्मट बाई. शेवटी आईने आणि बरोबर आलेल्या मावशीने धरले. मी ओरडलो, हलू नकोस, तुझ्याच भल्यासाठी चाललंय! रक्त चष्म्यापर्यंत उडालं. पण काम? दोन्ही बाजू अगदी सारख्या.
बरगडी ठणकतेय. डॉक्टरच्या दुखण्याची कुणाला पर्वा नाही.

२२ जानेवारी
सकाळी राजनंदिनीच्या आईचा फोन. गादी भिजली, पोरगी पांढरीफटक पडलीय. सांगितलं, नॉर्मल आहे. दुपारी पुन्हा फोन. निव्वळ खबरदारी म्हणून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे रक्त चढवलं, पुन्हा टाके घातले. तिथल्या एका ज्युनिअरने फोन करून मलाच विचारलं, हे कशासाठी केलंत? सीनिअरशी कसं बोलावं हे या पिढीला शिकवलेलंच नाही.
सुंदराबाईंनी काम सोडलं, जाताना अस्मिताचा नंबर मागून घेतला. जाऊ दे, नाहीतरी चहा पांचट करायच्या.

३० जानेवारी
अस्मिता रोज त्या मोठ्या हॉस्पिटलात जातेय. एक नवी मुलाखत मिळाली म्हणते. म्हणजे कापणाऱ्यांचं जाळं पुण्यापर्यंत पोचलं तर! मी मदत देऊ केली. नको म्हणाली. जेवताना माझ्या हातांकडे एकटक बघत होती. सर्जनच्या हातांचं बायकांना अप्रूप असतं.
राजनंदिनीचं लग्न मोडलं. तिच्या आईने फोनवर मला आईमाईवरून शिव्या दिल्या. माझं काम सुबक होतं. पुढचं माझ्या हातात नव्हतं.

६ फेब्रुवारी
हॉल भरलेला. मी अध्यक्षीय खुर्चीत. पडद्यामागून तिघी बोलणार होत्या, चेहरे दिसणार नव्हते. पहिल्या दोघी आवाजावरून साठीच्या पुढच्या. माझे डोळे भरून आले, खरंच आले. तिसरीचा आवाज तरुण. म्हणाली, मी नको म्हणत व्हते. आईनं एक पाय धरला, मावशीनं दुसरा. कापणारा वरडत व्हता, तुझ्याच भल्यासाठी. आजून लघवीला बसलं की जीव जातो.
मला राहवलं नाही. माइक ओढून गरजलो, कोण आहे तो नराधम? नाव सांग, त्याला चपलांनी हाणत स्वारगेटपर्यंत नेऊ! टाळ्यांचा कडकडाट. असल्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या.
राजनंदिनी पडदा सारून बाहेर आली. पाय फाकवत, सावकाश. माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बोट केलं. टाळ्या थांबायला वेळ लागला. मागच्या रांगांना दिसलं नसावं.
पहिली चप्पल दुसऱ्या रांगेतून आली. मग मोजता आल्या नाहीत. पाण्याची स्टीलची बाटली कपाळावर बसली, भुवई फुटली. अस्मिता माझ्याकडे धावली. वाटलं, सोडवायला आली. तिने माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि राजनंदिनीला दिला.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
अस्मिता घरी नाही. कपाट अर्धं रिकामं.
दिवसभर पोलीस चौकीत. राजनंदिनीने तक्रार दिलीय. इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, मुलीला आजार काय होता? मी आत्मविश्वासावर बोललो, पॅकेजवर बोललो, सहीवर तर बराच वेळ बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, आजार काय होता?
काही नव्हता, म्हणालो.
मग कापलंत का?
राजनंदिनी समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला अजून बसता येत नाही. तीही माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी सहीचा कागद पुन्हा पुढे सरकवला.