चेटकिणीचा फोटू

१७ डिसेंबर १९९८

पन्हाळ्याच्या अलीकडं, माळावर, मध्यरात्रीपर्यंत कुडकुडलो. या वयात!

सुनेला, त्रिशलाला, आभाळातल्या चेटकिणीचा फोटो काढायचाय. मृगातल्या राजन्य ताऱ्याशेजारी धुळीचा ढग आहे, म्हणे म्हाताऱ्या चेटकिणीच्या तोंडासारखा. डोळ्याला दिसत नाही, दुर्बिणीतूनही नाही. फिल्मवर उमटला तर उमटला. "त्याला स्वतःचा उजेड नाही, आप्पा. ताऱ्याचा त्याच्यावर पडतो, तेवढाच." कॉलेजात फिजिक्स शिकवते, खोटं कशाला सांगेल?

एकटी कशी सोडायची? पारस असता तर तो गेला असता. माझा पोरगा जाऊन तीन वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच.

दुर्बिणीच्या पाठीवर कॅमेरा बांधलेला. त्रिशला चाळीस मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून, बारीक चाक फिरवत, एकच तारा जागेवर धरून ठेवते. माझं काम — गाडीचा उजेड आला की कॅमेऱ्यापुढं पुठ्ठा धरायचा. थर्मासमध्ये चहा होता. पण सूर्य बुडाल्यावर मी पाणीसुद्धा घेत नाही. नुसता कप हातात धरून ऊब घेतली. मग तिनंही घेतला नाही. वेडी पोर!

१९ डिसेंबर

आज एक जीप थांबली. दिवे थेट आमच्यावर!

"पावणं, गाडी बंद पडली काय?"

"न्हाय. फोटू काढतोय."

"एवढ्या अंधारात? कुणाचा?"

"चेटकिणीचा!"

खरं तेच सांगितलं की! जीप जी सुटली ती थेट वळणापलीकडं! त्रिशला हसून हसून खाली बसली. तारा निसटला, फोटो गेला. जाऊ दे. पारस गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

१७ जानेवारी १९९९

काल धुकं. काच दवानं ओली. आज स्टुडिओवाला बाळासो म्हणाला, "वैनी, आधीचा रोलबी कोराच हाय की." घरी येऊन त्रिशला न्हाणीत नळ सोडून रडली. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

१३ फेब्रुवारी

राजन्य आता संध्याकाळीच डोक्यावर असतो. बरं झालं. आभाळ लख्ख.

निम्मा वेळ झाला असेल. डोळा दुर्बिणीलाच ठेवून म्हणाली, "आप्पा, आमच्या कॉलेजातले कुलभूषण सर... त्यांनी मला लग्नाचं विचारलंय."

मी पुठ्ठा उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"रागावलात?"

तेवढ्यात वळणावर उजेड! पुठ्ठा धरला. गाडी गेली. पुठ्ठा काढला. ती हलली नाही, मी बोललो नाही. घरी येईपर्यंत नाही. काय बोलणार? ती गेल्यावर हे घर —

१८ फेब्रुवारी

बाळासो म्हणाला, "एका फोटूवर डाग पडलाय. फेकून देऊ काय?" त्रिशला दुकानात ओरडली! डाग कसला — तीच! निळसर, धुरकट. मला आधी काही दिसेना. तिनं माझं बोट धरून कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरवलं. आणि दिसली की! डोळे भरून आले. कशानं, ते माहीत नाही.

संध्याकाळी जेवताना मीच विचारलं, "त्या कुलभूषणला आभाळातलं काय कळतं?"

"काहीच नाही." खाली बघत म्हणाली, "पण पुठ्ठा धरीन म्हणतात."

एक भाकरी जास्त खाल्ली मी.

२१ फेब्रुवारी

एकटाच कुलभूषणच्या घरी जाऊन आलो. त्याच्या वडिलांनी माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. "मुलीचे वडील मागून येतायत काय?"

"आलेत की," मी म्हटलं आणि चपला काढल्या.