कवळी बसली आहे

१ मार्च, रविवार, सकाळी ६.१०
नवी वही. नवा मी. ऑनलाइन कोर्सच्या माताजी म्हणतात, लक्ष्मीकडे मागायचं नसतं. मिळालंच आहे असं धरून आभार मानायचे. तेव्हा रोज सकाळी दिवा, कमळावरच्या देवीचा फोटो, एकशे आठ वेळा श्रीं आणि मग वनस्पतीचे तीन झुरके, पूर्ण सजगतेने. ताई तिला गांजा म्हणते. ताईला कंपनं कळत नाहीत. पाठीसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, म्हणजे औषधच. तीनच झुरके. चौथा नाही.
पहिला संकल्प आईच्या कवळीचा. दातांच्या लॅबमध्ये मी एकवीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतोय. आईची जुनी फुटून दोन महिने झाले. ती दुसऱ्या कुणाला तोंडाला हात लावू देत नाही, माझा मुलगा करतोय म्हणते. नर्सिंग होममध्ये तिला सगळं मिक्सरमधून काढून देतात. दोन चमचे खाऊन ताट ढकलते. वजन ४३.
आजचं वाक्य: माते, आईची कवळी बसली आहे. आभार.

५ मार्च, गुरुवार
झुरके सहा. सजगता असली की आकडा गौण. लॅबला पोचायला अकरा वाजले. मालक बरंच बोलले. मनातल्या मनात त्यांचेही आभार मानले.

८ मार्च, रविवार
आईचं माप घेतलं! शुभारंभ. गुलाबी लगदा तोंडात धरून ती लहान मुलीसारखी शहाणपणाने बसली. माप हातात आल्यावर पाव तासात त्यात प्लास्टर ओतायचं, नाहीतर लगदा सुकून आक्रसतो. हे नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात. प्लास्टर, वाडगा, पाणी, सगळं बरोबर नेलं होतं. पण आधी आभार मानावेत म्हणून बागेतल्या बाकावर बसलो. माप शेजारी ठेवलं, उन्हात. ओलं फडकं गुंडाळायचं राहिलं. एका पानाकडे पाहत होतो. त्या पानात सगळी सृष्टी होती.
प्लास्टर ओतलं. लगद्याला काही झालेलं दिसलं नाही. फार निरखून बघितलं नाही. संशय ही दारिद्र्याची मानसिकता आहे.

१२ मार्च, गुरुवार
मेणात दात लावायला घेतले. एका सुळ्यापाशी अडीच तास होतो. त्यात मला आईचं तारुण्य दिसलं. मालकांना फक्त अडीच तास दिसले.

१७ मार्च, मंगळवार, दुपारी
ताईचा फोन. ती दुसऱ्या गावात बसून वजनकाट्याचे आकडे वाचते. ४० झालं म्हणे. कवळीचं काय झालं? म्हटलं, बसली. हे खोटं नव्हे, ही प्रार्थना आहे. ताई फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, रागावले होते तुझ्यावर, मनात ठेवू नकोस. जरा अस्वस्थ वाटलं. नऊ झुरके.
उद्यापासून तीन.

२९ मार्च, रविवार
कवळी बसली आहे!!
किंचित घट्ट गेली. नवी आहे, जाणारच. अंगठ्याने दाब दिला. मग दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा कागद दातांमध्ये धरून चावायला सांगितलं. दाढांवर नीट निळे ठिपके उमटले. विचारलं, टोचतंय का कुठे? आईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली, मस्त बसली रे, सोन्यासारखे हात आहेत तुझे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कृतज्ञतेचं. मग मलाही रडू आलं.
देवीचा फोटो मोठा करून आणायचा.

५ एप्रिल, रविवार
आई हल्ली बोलत नाही. मी बोलतो, ती ओठ मिटून ऐकते. माताजी ज्याला अंतर्मौन म्हणतात ते हेच. मी साधना करतो आणि फळ तिला मिळतं! बिस्किट दिलं, तिने मुठीत ठेवलं, नंतर खाते अशी खूण केली. केवढा संयम.

९ एप्रिल, गुरुवार
मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तीन कवळ्या परत आल्या म्हणे. विश्वाने माझा वेळ मोकळा केला. आता स्वतःचा कोर्स काढायचा. नाव सुचलं होतं, फार सुंदर होतं. लिहून ठेवायला हवं होतं.

१२ एप्रिल, रविवार
आज घरीच मौन पाळलं. आईकडे गेलो नाही. मनाने पूर्णवेळ तिच्याजवळच होतो.

१९ एप्रिल, रविवार
वजन ३६. शरीर हलकं होतंय. निघताना तिथली नर्स दारापर्यंत आली, काहीतरी सांगायचं होतं तिला. आईने पलंगावरून हात हलवला तशी ती गप्प झाली. पगाराची रड असणार. सगळीकडे अभावाचीच भाषा.
दाताच्या डॉक्टरांनी वॉर्डात येऊन नवी करून देऊ का विचारलं होतं म्हणे. आईने त्यांना परतवलं. माझ्याकडे आहे म्हणाली. ऊर भरून आला.

२७ एप्रिल, सोमवार
शनिवारी पहाटे आई गेली. न्यूमोनिया. अंगात काही उरलंच नव्हतं असं डॉक्टर म्हणाले. काल सगळं आटोपलं.
आज तिचं सामान आणायला गेलो. चष्मा, दोन गाउन, शाल, आणि रुमालात बांधलेली कवळी. नर्सने दार लोटून घेतलं आणि मग सांगितलं. रविवारी मी यायच्या आधी, साडेदहाला, आई कवळी तोंडात बसवून घ्यायची, मी परत निघालो की लगेच काढायची. हिरड्या सोलून निघाल्या होत्या. एरवी कवळी उशाखाली. बारा तारखेला मी येईन म्हणून अंधार पडेपर्यंत तोंडात ठेवली. काढली तेव्हा रक्त आलं. नर्स मला सांगणारच होती. आई म्हणाली, नको, लेकरू आत्ता कुठे जरा सावरतंय.
रुमालाची गाठ बसमध्ये सोडली. कवळी उजेडात धरून बघितली. तेवढं एक मला नीट येतं. एकाही दातावर चावल्याची खूण नाही, चहाचा डाग नाही. दाढांवर निळे ठिपके तसेच. दोन वेळा जेवलं की ते जातात.
दिवा लावला नाही. वनस्पती मात्र घेतली, मोजली नाही. मग वाक्य लिहायला बसलो. झालेलंच लिहायचं असतं.
आठ मार्चला माप पाऊण तास उन्हात पडलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं.