पडद्याआडचं हौ

मास्टरसाब, काल एका गावी भाषणाला गेलो होतो. लोकांना हसवणं हा आता माझा धंदा झालाय. तुम्ही गेलात तेव्हा मी नुसताच आगाऊ होतो, नावाजलेला आगाऊ व्हायचा होतो. काल संयोजकांनी 'निर्भीड वक्ते' अशी माझी ओळख करून दिली, आणि त्याच वेळी टेबलाखाली माझे दोन्ही पाय कापत होते. टेबलाला जमिनीपर्यंत कापड लावलेलं होतं म्हणून निर्भीडपणा शाबूत राहिला. मग नेहमीप्रमाणे तुमचा किस्सा सांगितला, लोक नेहमीप्रमाणे हसले. परतताना एस.टी.त मात्र तोच किस्सा मी स्वतःला सांगून बघितला, आणि हसू आलं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

निजामाच्या राज्यातल्या आपल्या चिटगुप्प्याच्या शाळेत मी वर्गात पोपट आणि मंचावर दगड होतो. तुमची नक्कल तर अशी करायचो की मागच्या बाकावरची पोरं तोंडात टोपी कोंबायची. तुम्हाला ते माहीत होतं. एकदा तुम्ही दारात उभं राहून ती पूर्ण बघितलीत आणि म्हणालात, "खडू उजव्या हातात धरतो मी. बाकी बरोबर हाय." पण त्याच साली संमेलनात मला उभं केलं, तर समोरची डोकी बघून मी मंचाच्या मागच्या बाजूनं उडी टाकली ती थेट आमच्या शेतात जाऊन थांबलो.

मग निजामाचं राज्य गेलं. फौजा येऊन गेल्या, आणि एका सुट्टीत शाळा उर्दूची मराठी झाली. त्या आगेमागच्या आठ महिन्यांत आपण काय काय बघितलं ते दोघांनाही माहीत आहे, ते इथं लिहीत नाही. आधी भ्यालेले लोक आता भिववायला निघाले होते, आणि आधी भिववणारे कुठं दिसत नव्हते. मधल्या मधे तुमच्यासारखी माणसं भिंतीच्या कडेनं चालायला लागली होती. तुम्ही रुमी टोपी घालणं सोडलंत. तुमचे सोबती हैदराबादेला गेले. तुम्ही राहिलात. हेडमास्तरांनी तुम्हाला सांगितलं की संमेलनाला तपासनीस येणार आहेत, जुन्या मास्तरांपैकी कोण मराठीत शिकवू शकतो ते बघणार आहेत; तुम्ही तयार केलेला विद्यार्थी मराठीत धड बोलला तर तुमची नोकरी राहील. आणि तुम्ही निवडलंत मला.

"मलाच कामून, मास्टरसाब?"

"तुझी जीभ चांगली हाय. पायाचं बघू."

मग रोज शाळा सुटल्यावर तुमचं घर. तुम्ही मराठी बोलायचात आमच्यासारखीच, पण लिहिता येत नव्हती. म्हणून आधी मी तुम्हाला पाटीवर अक्षरं शिकवायचो आणि मग तुम्ही मला बोलायला. चाळिशी उलटलेला माणूस एका पोराच्या समोर मांडी घालून ग, घ, ङ गिरवतोय. अक्षरं तुम्ही डावीकडून काढायचात, पण वरची रेघ ओढायची वेळ आली की हात उर्दूच्या सवयीनं उजवीकडून निघायचा. मी हसायचो. तुम्हीही हसायचात, आणि पुसून पुन्हा काढायचात. त्याच अक्षरांत तुम्ही माझं भाषण लिहिलंत. विषय काय, तर निर्भयता.

ते भाषण मी म्हणायचो तुमच्या स्वयंपाकघराच्या पडद्यासमोर. पडद्याआड तुमच्या बेगम, आम्हा पोरांच्या आपा, भाकरी थापत असायच्या. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. थापेच्या वर माझा आवाज गेला नाही की आतून यायचं, "नक्को. फिरसे." आणि गेला की फक्त एक "हौ," म्हणजे हो, जमलं. त्या एका हौसाठी मी घसा फोडायचो. घरून निघताना अव्वानं, माझ्या आईनं, बजावलेलं असायचं, त्यांच्यात काही खायचं न्हाई. आपांना ते न सांगताच कळलं होतं. म्हणून त्या मला पडद्याखालून अख्खा पेरू सरकवायच्या. पेरूला जात नसते, हे अव्वालाही मान्य होतं.

संमेलनाचा दिवस. दुपारची वेळ, बाकं जोडून केलेला मंच, बायकांच्या बाजूला बांधलेली चादर. तपासनीस खुर्चीत, आणि पहिल्या रांगेत नव्या राज्याचे नवे मोठे लोक. तुम्ही सगळ्यांत मागं, लिंबाच्या झाडाला टेकून. वीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही कधी मंचावर चढला नव्हता, हे मला आपांनीच पडद्याआडून सांगितलं होतं: "पोरांको चढाते, खुद छुपते." माझं नाव पुकारलं. मी चढलो. पाय कापायला लागले, बाकं खडखडायला लागली, आणि त्या खडखडाटात डोक्यातलं सगळं मराठी सांडून गेलं. अंधारात बैल जुन्या चाकोरीनंच घरी जातो, तशी माझी जीभ सात वर्षांच्या उर्दूच्या चाकोरीला लागली. खणखणीत आवाजात मी सुरुवात केली, "जनाबे सदर, मोहतरम असातिजा..."

अध्यक्ष महाराज आणि आदरणीय गुरुजन, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या साली शब्दांचे अर्थ बघत कोण होतं?

पहिल्या रांगेतला एक जण उठला. "कोन शिकवलं रं तुला? अजून निजामाचीच चाकरी करायलास व्हय?" मागून दुसरा, "उतरवा खाली!" तपासनीसांनी पेन काढलं. मी मंचाच्या मागची बाजू बघून ठेवली. उडीचा सराव होताच.

आणि तुम्ही झाडापासून निघालात. मी अजून ते बघतोय. लोकांनी वाट सोडलेली नाही, तुम्ही अंग चोरत येताय, शेरवानीची बाही चादर बांधलेल्या खुंटाला अडकते, तुम्ही ती सोडवता. बाकावर चढताना तुमचा पाय दोनदा चुकतो. माझ्याशेजारी उभे राहता तेव्हा बाकं आधीपेक्षा जास्त खडखडतात. तुमचे ओठ पांढरे पडलेत. ज्या माणसाच्या अंगात एवढं भय मावतं तो झाडामागं राहतो, असं मी तोवर समजत होतो.

"मी शिकवलो," तुम्ही म्हणालात. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालात. "मीच शिकवलो. सात वरीस शिकवलो. पोराची चूक न्हाई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, फक्त मला ऐकू येईल असं, "पाय कापू दे. त्यांचं ते काम. तू तुझं कर."

तुम्ही खाली उतरला नाहीत. तुमच्या हाताची थरथर माझ्या खांद्यात उतरत होती आणि तिच्यात माझी कुठली हे मला सांगता येईना. मी समोर बघितलं तर माणसं नव्हतीच, एक लांबच्या लांब पडदा होता आणि त्याच्याआड कुणीतरी भाकरी थापत होतं. मी त्या थापेच्या वर आवाज चढवला. "अध्यक्ष महाराज, निर्भयता म्हणजे..." पहिलं वाक्य पूर्ण झालं, दुसरं झालं, आणि बायकांच्या चादरीआडून भर सभेत ठणठणीत आवाज आला, "हौ!"

आधी कुणीतरी फिसकन् हसलं. मग सगळी सभा हसली, पहिल्या रांगेसकट. तपासनीसांनी पेन खिशात ठेवलं. पुढचं भाषण मी केलं म्हणतात; मला फक्त खांद्यावरचा हात आठवतो.

नोकरी राहिली, बदली मात्र संतपूरला झाली. पुढं छप्पन साली जिल्हा कन्नड राज्यात गेला आणि तुम्ही पुन्हा पाटी घेऊन बसलात म्हणे. राज्यं तीन झाली, पण सात चोक अठ्ठावीसच राहिले, असं तुम्ही तिथल्या पोरांना सांगायचात. तुम्ही गेल्याचं मला बाजारात कळलं, तेही दोन महिन्यांनी.

हा कागद मी किश्शांच्या वहीत ठेवणार आहे. तिथंच तुम्हाला ठेवलंय इतकी वर्षं. तुमचा किस्सा मी कसा सांगतो ते आता सांगून टाकतो. एक उर्दूचा मास्तर होता, मराठी शाळेत भाषणाला उभा राहिला आणि घाबरून 'जनाबे सदर' म्हणाला. इथं मी तुमचे लटपटणारे पाय करून दाखवतो. अगदी हुबेहूब जमतात, कारण ते माझेच आहेत. 'मी शिकवलो' हे वाक्य मी कधीच घेत नाही. त्याला हशा येत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे ते चारचौघांत मोठ्यानं म्हणायची माझी छाती अजून झालेली नाही.