फुटाला एक सूत

प्रिय आप्पा,

जय भीम.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच कुठं आली? उचगाव सोडून मी गेलेच नाही कुठं. आज रविवार आहे. आई शेजारी गेलीय आणि माझ्यापुढे अभ्यासक्रमाचे कागद पडलेत. मेकॅनिकलचा अभ्यासक्रम बदलतोय, आप्पा. आमच्या विभागाच्या सूचना उद्याच्या मीटिंगमध्ये ठरायच्या आहेत, आणि दुसऱ्या वर्षाचा 'मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस' हा विषय माझ्याकडे दिलाय. शुक्रवारी सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, मला म्हणाले, "मॅडम, वर्कशॉपमधला तो लाकडी पॅटर्नचा जॉब काढून टाका. आता कोण लाकूड तासत बसतंय? त्या जागी सॉफ्टवेअरचे तास घाला." मी "हो सर" म्हटलं आणि लाल पेनानं ती ओळ खोडली.

फौंड्रीत ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने घडवणाऱ्या पॅटर्नमेकरच्या मुलीला ती ओळ खोडताना वाईट वाटायला हवं होतं ना? मला सुटल्यासारखं वाटलं! त्याची दोन दिवस लाज वाटतेय, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात त्याला वर्ष होत आलं. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. विहारात संध्याकाळच्या वाचनाला पहिल्या रांगेत तुमची जागा ठरलेली, ती त्या आठवड्यात कुणीच घेतली नाही. फौंड्रीतली माणसं भेटायला आली तेव्हा तुमचे मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पांचा पॅटर्न कधी म्हंजे कधी परत आला न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून आत गेले. आईला वाटलं मला रडू आवरेना. खरं कारण वेगळं होतं. तुमचा एक पॅटर्न परत आला होता, आप्पा, आणि तो का आला हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

आधी पहिल्यापासून आठवू दे.

पंच्याण्णव साली मला मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली. साठ जणांत एकटी मुलगी. कॉलेजातून अभ्यासक्रमाचं पातळ पुस्तक मिळालं होतं. तुम्ही कामावरून आलात, हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "वाच सगळं. ह्यात आमचं काय हाय का बघ." मी वाचत गेले. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, अप्लाइड मेकॅनिक्स, इंजिनिअरिंग ड्रॉइंग. मग वर्कशॉप आलं: फिटिंग, स्मिथी, कारपेंट्री. "कारपेंट्री म्हंजे सुतारकी न्हवं? हाय की मग!" असं म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारलीत. तेव्हापासून दर टर्मच्या सुरुवातीला मी वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं, हे ठरूनच गेलं. आई म्हणायची, "लेकीपरास बापच जास्त शिकाय लागलाय!"

थर्मोडायनॅमिक्स तुम्हाला आवडलं नाही. हाताला लागत नाही म्हणालात. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आवडलं. 'थिअरी ऑफ मशीन्स' हे नाव ऐकून तुम्ही हसलात. "मशीन चालतंय न्हवं? मग त्येला थिअरी कशाला?" मी चिडून तुम्हाला चार दांड्यांची जोडणी काढून दाखवली, तर तुम्ही तिच्यातला माझा एक सांधा चुकलेला काढून दिलात! सातवी शिकलेला माणूस. मला तेव्हा राग आला होता. आता वर्गात तीच आकृती काढताना तो सांधा मी दोनदा बघते.

आणि तो ड्रॉइंगच्या शीटचा रविवार! सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. वर्गातल्या एकाची शीट आणून मी ती काचेवर ठेवली होती, काचेखाली बल्ब, वर माझा कोरा कागद, आणि रेघेवर रेघ ओढत होते. सगळं कॉलेज हेच करायचं. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात. मला वाटलं, आता कॉपी करते म्हणून बोलणी खाणार. तुम्ही म्हणालात, "अगं, त्येच्या चुकाबी उतरून घेशील की!" आणि निघून गेलात. खरंच त्याच्या दोन चुका होत्या. मी त्या उतरवून घेतल्याही होत्या.

दुसऱ्या वर्षी तुमचा धडा आला. फौंड्री. पॅटर्नचे प्रकार, पॅटर्नचं लाकूड, पॅटर्नवर धरायचे अलाउन्स. "अलाउन्स म्हंजे?" तुम्ही विचारलंत. मी पुस्तकी सांगितलं की ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आटतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा शेकडा एक मोठा करावा लागतो. तुम्ही जेवता जेवता थांबलात. "ते व्हय! फुटाला एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी गणित करून बघितलं, तर दोन्ही एकच निघालं. मग तुम्ही उठून खिळ्याला टांगलेली तुमची पट्टी आणलीत. दिसायला साधीच, पण फुटामागे एक सूत लांब. आकडे तेच, फक्त अंतरं ताणलेली. त्या पट्टीनं मापलं की वाढ आपोआपच धरली जायची, गणित करायला नको. परीक्षेत तो प्रश्न आला आणि मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. तुम्ही ते फौंड्रीभर सांगितलंत.

एवढं सगळं ठाऊक असून शेवटच्या वर्षी मी ती चूक कशी केली, आप्पा?

आमचा प्रोजेक्ट होता लागणीसाठी उसाच्या कांडीचा डोळा काढायच्या हातयंत्राचा. ग्रुपमध्ये चौघं, तिघं मुलं आणि मी. कल्पना शिरोळच्या मुलाची, ड्रॉइंग माझं. यंत्राची दीड फुटी बॉडी बीडाची ओतायची होती आणि पॅटर्न तुम्ही करून देणार होता, घरामागच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी. आम्हाला वर्गात शिकवलं होतं तसं मी पॅटर्नचं ड्रॉइंग काढलं. शेकडा एक वाढ धरली आणि कागद तुमच्या हातात दिला. वाढ धरलीय हे ना कागदावर लिहिलं, ना तोंडानं सांगितलं. तुम्ही खिळ्यावरची पट्टी काढलीत आणि कामाला लागलात. वाढ दोनदा धरली गेली.

इथं मला तुमच्यावरही थोडं रागवायचंय. फौंड्रीत कुणाचंही ड्रॉइंग आलं की तुम्ही दहा प्रश्न विचारायचात. मालकाच्या मुलाला सुद्धा सोडायचा नाहीत. माझ्याच ड्रॉइंगला एकही प्रश्न का नाही? असे आडनिडे आकडे बघून तुमच्यासारख्या माणसाला शंका आली नाही? आली असणार. पण लेकीनं काढलेलं ड्रॉइंग, त्यात काय विचारायचं! आई नंतर म्हणाली, तो कागद हातात घेऊन तुम्ही पहिल्यांदा सगळ्या गल्लीला दाखवून आला होता.

बॉडी ओतून आली. सांगाड्यावर बसवायला गेलो तर भोकांना भोकं जुळेनात. दीड सुताचा फरक. सांगाडा तयार होता, तोंडी परीक्षा दहा दिवसांवर आली होती. सरांनी, म्हणजे ह्याच सरांनी, तेव्हा ते आमचे गाईड होते, वर्कशॉपमध्ये सगळ्यांना उभं केलं. "ही चूक कुणाची?"

तुम्ही त्या वेळी दारातच होता. काय बिघडलंय ते बघायला निरोपावरून आला होता, कामाच्या कपड्यांत, बाह्यांवर भुसा. तुम्हाला बघताक्षणी माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं होतं. वाढ मी धरली होती आणि तुम्हीही. तिघं मुलं माझ्याकडे बघत होती. मुलीला मेकॅनिकल झेपत नाही, हे चार वर्षं ऐकलेलं. मी म्हटलं, "सर, पॅटर्नवाल्याची चूक आहे."

पॅटर्नवाला! मी तुम्हाला तसं म्हटलं, आप्पा. माझे वडील आहेत हेही म्हटलं नाही.

सर तुमच्याकडे वळले. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत आणि म्हणालात, "व्हय साहेब. मॅडमचं ड्रॉइंग बरोबर हाय. चूक माझी हाय. चार दिसांत दुसरा करून देतो." मॅडम! स्वतःच्या लेकीला! सर आम्हाला म्हणाले, "ह्या लोकांना थिअरी नसते ना, म्हणून असं होतं." तुम्ही मान हलवलीत, जड बॉडी पोत्यात गुंडाळलीत, सायकलच्या कॅरिअरला बांधलीत आणि गेलात. आमच्यापैकी कुणीही ती उचलू लागलं नाही.

रविवारी मी शेडमध्ये चहा घेऊन आले. मनाशी ठरवून आले होते की आज बोलायचं. तुम्ही सागवानाच्या फळीवर खुणा करत होता. माझाच कागद पुढे होता, पण हातात साधी पट्टी होती. तुमची लांब पट्टी खिळ्यावर तशीच टांगलेली. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! माझ्या आकड्यांत वाढ आधीच धरलेली आहे, चूक कुणाची आहे, सगळं. मी कप घेऊन उभी राहिले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "च्या ठेव तितं." मी ठेवला आणि आत गेले. बस्स, एवढंच आपलं बोलणं झालं त्यावर, आयुष्यभरात.

तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तर त्याहून बरं. का नाही रागावलात?

दुसरी बॉडी चपखल बसली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, बीडाला श्रिंकेज किती धरता? मी फाडफाड सांगितलं. डिस्टिंक्शन आलं. तुम्ही फौंड्रीत पेढे वाटलेत. पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, आणि तेव्हाचे गाईड आता विभागप्रमुख झालेत. पॅटर्नचा धडा दर वर्षी माझ्याकडेच येतो. दर वर्षी मी तो एका तासात उरकते. मुलं विचारतात, "मॅडम, प्रत्यक्ष कसं करतात ते दाखवा की." मी म्हणते, वेळ नाही, पोर्शन संपवायचाय.

दवाखान्यात तुमच्या उशाशी आठ दिवस बसले. तेव्हा सांगायचं होतं. तोंडाशी यायचं आणि मी मोसंबी सोलायला घ्यायची. एका सकाळी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. तुम्ही विचारलंत, "आता कुठला धडा चालू हाय तुझा?" पॅटर्नचाच चालू होता, आप्पा. मी म्हटलं, "हीट ट्रान्सफर." तुम्ही बरं म्हणालात आणि डोळे मिटलेत. तो प्रश्न तुम्ही मुद्दाम विचारला होता का? मला दार उघडून देत होता का? हे आता कुणाला विचारू?

म्हणून शुक्रवारी ती ओळ खोडताना सुटल्यासारखं वाटलं. तो धडाच गेला की दर वर्षीची ती बोच गेली! एखाद्याला चूक सुधारायला अभ्यासक्रम बदलावासा वाटतो, मला चूक लपवायला बदलावासा वाटला. चार वर्षांत चाळीस विषय शिकले मी. ज्याच्या हातात ड्रॉइंग द्यायचं त्या माणसाशी दोन वाक्यं बोलायची असतात, हे एकाही पेपरात नव्हतं. ते मला घरातच शिकता आलं असतं.

मघाशी ती ओळ मी परत लिहिली. सॉफ्टवेअरही ठेवलं आहे, ते मुलांना लागणारच. खाली एक वाक्य वाढवलं: विद्यार्थ्यांनी आपलं ड्रॉइंग घेऊन पॅटर्नमेकरकडे स्वतः जावं, वाढ कुणी धरली ते त्याला विचारावं आणि दोघांची नावं ड्रॉइंगवर लिहावीत. मीटिंगमध्ये ते टिकेलच असं नाही. सर म्हणतील, हे काय अभ्यासक्रमात लिहायचं असतं का? काढलं तर काढू देत. त्यासाठी मी भांडेन, पण माझं खरं काम वेगळं आहे.

उद्या अकराला मीटिंग आहे. ती सुरू व्हायच्या आधी, सगळे बसलेले असताना, मी सरांना सांगणार आहे: त्या दिवशी वर्कशॉपच्या दारात उभे होते ते माझे वडील. ड्रॉइंग माझं होतं, चूक माझी होती, आणि थिअरी त्यांना माझ्याइतकीच येत होती. सरांना बहुतेक काहीच आठवणार नाही. त्यांच्या हाताखालून किती ग्रुप गेले असतील! ते चष्मा वर करून म्हणतील, "कोण पॅटर्नवाला?"

तेव्हा मी तुमचं पूर्ण नाव सांगेन, आप्पा. शब्द देते.

तुमची,
सुजाता