छपरावरचा दात

तांडा, आखाडा बाळापूर
११ एप्रिल २००४

चि. लालसिंग यास भावसिंगचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल. इकडे सर्व बरे, तुमचे बरे असावे.

तुझी शितल मागल्या आठवड्यात आली, दोन तास थांबली आन गेली. लोक म्हणतात, दातांचं फुकट शिबिर झालं. फुकट कशाचं? मला काय पडलं ते ऐक. खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या आठ दिवस तशाच, वितळून खिसा चिकट झाला. एक लेकरू हात लावीना. पहिले मी दिसलो की तांड्यातली समदी पोरं मागं पळायची. आता त्यांना माझं तोंड उघडून दाढा पाहायच्या असतात. आन आपली पुजा, माझ्या देविदासची पोरगी, नऊ वर्षांची, ती म्हणून राहिली की मी शितलआत्यासारखी लेकरांच्या दातांची डॉक्टर होणार. काल तिनं शेळीच्या करडाचं तोंड उघडलं होतं.

खरं सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं? दवाखान्याच्या उद्घाटनाला मी पाटी वाचली, "डॉ. शितल लालसिंग आडे". बाकी सगळं गोड लागलं, मधलं नाव वाचून पोटात दुखलं. मी देविदासला बारावीसाठी दोनदा लातूरला ठेवला. तो आज माझ्याच विहिरींच्या ठेक्यात कॉम्प्रेसरच्या ट्रॅक्टरवर बसून विहिरीत सुरुंगाची छिद्रं पाडतो. काम चोख आहे, पण त्याची पाटी लागत न्हाई.

शितलनं विहिरीचेही नियम सांगितले. खाली लेकरू पोहत असलं तर वरून उडी न्हाई, पाठीला डबा बांधल्याशिवाय पाण्यात न्हाई, भर उन्हात काठावर न्हाई. ज्या विहिरीत मी चाळीस लेकरांना पोहायला शिकवलं, एकाला ओरखडा न्हाई, त्या विहिरीवर उभी राहून मला सांगते! आणखी म्हणे, पक्का दात पडला तर घासायचा न्हाई, दुधात ठेवायचा आन तासाभरात तिच्याकडे आणायचा. आम्ही दात छपरावर टाकतो, ते काय येडे म्हणून?

वहिनीस नमस्कार सांग. राग मानू नकोस, पण मानलास तरी लिहीत जा.

तुझा
भावसिंग

हिंगोली
१९ एप्रिल २००४

ती. दादांच्या चरणी लालसिंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. घरात मोठ्याने वाचून दाखवले, शितल पोट धरून हसली. चिकट खिशाबद्दल तिने सहानुभूती कळवली आहे, गोळ्यांबद्दल नाही.

दादा, तुम्हाला जळायला एक पाटी आहे. मला काय आहे, ते विचारा. मी पोरीला बाराखडी शिकवली, पाढे पाठ करून घेतले, औरंगाबादला वसतिगृहाची पेटी माझ्या डोक्यावरून नेली. आणि ही परवा सत्काराला उभी राहून काय म्हणाली? तिचे मोठेबाबा, म्हणजे तुम्ही, खडकावर पहार मारून नुसत्या आवाजावरून पाणी सांगतात, त्यांच्याकडून ती आधी ऐकायला शिकली. टाळ्या पडल्या. बाप पहिल्या रांगेत बसला होता, त्याचे नाव राहून गेले. तेव्हा जळण्यात तुम्ही एकटे नाही. आपली आईच म्हणायची, दोघांना एक भाकर दिली तरी दुसऱ्याची मोठी दिसते.

पण विहिरीचे मनावर घ्या. ओरखडा नाही, हे चाळीस लेकरांचे झाले. एकेचाळिसावे कोण असेल, ते कोणाला ठाऊक?

पुजाला आशीर्वाद. लोभ जसा आहे तसाच राहू द्या, टोमण्यांसकट.

आपला धाकटा
लालसिंग

तांडा, आखाडा बाळापूर
९ मे २००४

चि. लालसिंग यास आशीर्वाद. जय सेवालाल.

एकेचाळिसावी आपली पुजाच निघाली. तुझी जीभ काळी आहे.

गेल्या रविवारची गोष्ट. दवाखान्यात तुला जेवढं कळलं, ते अर्धं आहे. सकाळी दहाला पुजा खाली विहिरीत पोहून राहिली होती. शेजारच्या मुंजाजीच्या पोरानं मला विचारलं, उडी मारू का? मी बिडी पेटवत होतो, म्हटलं मार. त्याचा गुडघा तिच्या तोंडावर बसला. पुढचा वरचा दात मुळासकट हातात आला. रडली न्हाई. दात मुठीत धरून म्हणाली, आजोबा, दूध पायजे, आत्याकडे चला.

आन मी काय म्हणालो, ते लिहायला हात धजत न्हाई, तरी लिहितो. म्हटलं, आत्या कशाला, आपल्याकडे दात छपरावर टाकतात, उंदीर नवा देतो. ती म्हणाली, हा पक्का आहे, आता नवा येत न्हाई. मी ओरडलो. दाताची चिंता नव्हती रे मला. तिच्या तोंडी पुन्हा शितलचं नाव आलं, त्याचा राग. ती मुकाट्यानं घरात गेली, शेणाच्या गोळ्यात दात घालून आणला. मी घेतला आन कौलांवर फेकला.

मग मी बाजेवर बसलो. माझे कान तुला ठाऊक आहेत. कुडापलीकडं ती करडाला सांगून राहिली होती, मी आता डॉक्टर होणार न्हाई, पुढचा दात नसलेल्या डॉक्टरकडे लेकरं येत न्हाईत. करडाला सांगत होती, लालसिंग. मला न्हाई.

साठीचा माणूस मी, शिडी न लावता खांबावरून चढलो. दोन कौलं फुटली. गोळा सापडला, फोडला, दात पाण्यानं धुतला, पेल्यात दूध घेऊन त्यात सोडला. देविदासनं जीप काढली. पुजा मांडीवर जेवणाची डबी धरून बसलेली, मी पेला धरून. कळमनुरीच्या खड्ड्यांत एक थेंब सांडू दिला न्हाई. शितलनं पेला घेतला, पुजाला आत नेलं आन मला बाहेर बसवलं. तासाभरानं दात तारेनं बांधून जाग्यावर!

तुझ्या पोरीचा हात चांगला आहे, कबूल. पण बसवायला दात लागतो आन तो शोधून आणला मी. छपरावर पडलेला दात माणसाला परत बसतो, हे आता बाळापूरच्या बाजारात पोरंही सांगतात. परवा चहाच्या टपरीवर मी पाचव्यांदा सांगितलं. तेवढं तरी माझ्या नावावर राहू दे. पाटी तुझी.

तार सोळा तारखेला काढायची आहे. दात धरेल का, याची धास्ती आहे. झोप लागत न्हाई.

तुझा
भावसिंग

हिंगोली
१८ मे २००४

ती. मोठेबाबांना शितलचा शि. सा. न.

परवा तार काढताना तुम्ही दाराकडे तोंड करून उभे होतात, म्हणून लिहून कळवते. पुजाचा दात धरला आहे. हलत नाही. वर्षभर दर दोन महिन्यांनी दाखवायला आणायचा. कणीस आणि ऊस त्या दाताने तोडायचा नाही.

तुम्ही विहिरीवर दोर बांधलात आणि उडीची जागा वेगळी केलीत, हे देविदासदादाने सांगितले. माझ्या दहा शिबिरांनी झाले नसते, ते काम झाले.

आता एक अवघड गोष्ट. पुजाने मला कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती. पण या आठवड्यात बाळापूरहून तीन माणसे लेकरांना घेऊन आली. एकाचा दात दोन दिवस कौलांवर वाळलेला. तिघेही म्हणाले, भावसिंग ठेकेदाराच्या नातीचा छपरावरचा दात बसला, मग आमचा का नाही? मोठेबाबा, तीनही लेकरांचे दात गेले. म्हणून शपथ मोडते. बाजारात खरे काय ते तुम्हीच सांगा. लोक तुमचे ऐकतात, माझे अजून नाही.

पुजाला मी विचारले, मोठेबाबा एवढे ओरडले तेव्हा तुला सुचले कसे? ती म्हणाली, आजोबा म्हणतात, आधी खडकाचं ऐकावं, मग पहार मारावी. तुम्ही चिडलात तेव्हा तिने आधी ऐकून घेतले, मग तुम्हाला ऐकू जाईल असे करडाशी बोलली. जीपमध्ये का नाही सांगितलेस, म्हटले तर म्हणाली, आजोबा छपरावरून पडता पडता वाचले होते, त्यांना पेला धरू द्यायचा होता. ही पोरगी डॉक्टर होईल. पाटीवर मधले नाव देविदास असेल आणि बाबांना तेव्हा जळू द्या.

आपली
शितल

ता. क. बसवलेला दात पुजाच्या जेवणाच्या डबीतल्या दुधातून निघाला. तुमच्या पेल्यातला तिचा एप्रिलअखेरीस पडलेला दुधाचा दात होता. मला दाखवायला तिने तो कंपासपेटीत ठेवला होता.