दोन साव्हेरियो फाल्को

तीर्थरूप सासूबाईंस, कॉन्चेत्ता आपले हात चुंबून लिहिते.

तुम्ही पाठवलेले सुके अंजीर आणि मेंढीचं चीज पोचलं. टपालवाल्याने वर वीस फ्रँक घेतले. मुलं खुशाल आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत?

मंगळवारी खाणीत आग लागली. आपले दोन्ही साव्हेरियो, माझे हे आणि त्यांचा चुलतभाऊ, नुन्त्सियाताचा नवरा, खाली होते. एक वाचला, एक गेला; गेलेल्याचा देह अजून खालीच आहे. वाचलेला पार भाजलाय, अंगभर पट्ट्या, शुद्ध नाही. खाणीच्या यादीत दोघांपुढेही नुसतं 'साव्हेरियो फाल्को'. कारकून म्हणाला, "बाई, फाल्को म्हणजे ससाणाच ना? अख्ख्या थव्याला एकच नाव?" मी म्हटलं, "प्रत्येक भाऊ आपल्या थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतो आमच्यात, साहेब."

डॉक्टर सांगतात, वाचलेल्याचा डावा हात लहानपणी मोडून जुळलाय. पोरवयात दोघे साव्हेरियो ससाण्याची पिल्लं काढायला गेले नि दोघेही कड्यावरून पडले. एकाचा डावा मोडला, एकाचा उजवा, एवढंच आम्हांला ठाऊक. कुणाचा कुठला, ते दोघींनीही कधी विचारलं नाही.

दवाखान्यात एकाच बाकावर बसून नुन्त्सियाता नि मी जपमाळ ओढतो. मी काय मागते ते मारिया माउलीला कळतं, म्हणून तिच्याकडे बघवत नाही.

आई, हाताला फळ्या तुम्हीच बांधल्या होत्या. माझ्या साव्हेरियोचा हात कुठला? उलट टपाली कळवा.

तुमची सून,
कॉन्चेत्ता